सकाळचा ओढा, दुपारचा ओढा

वसंताच्या सुरुवातीला डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रातून पहिल्यांदा चढून गेले, तेव्हा मला ही सगळ्यात सोपी वाट वाटली होती. चुकायची भीती नाही. पात्र धरून वर जायचं आणि पात्र धरूनच खाली यायचं. सकाळी साडेसातला आम्ही दोघींनी ओढा ओलांडला, तेव्हा पाणी घोट्याच्याही खाली होतं. दुपारी साडेतीनला त्याच जागी परतलो तर पाणी गुडघ्याच्या वर गेलेलं. गढूळ, फेसाळ, आणि तळातून दगडावर दगड आपटल्याचा घुमणारा आवाज येत होता. तो आवाज मी आजही विसरलेले नाही. तळाचे दगड वाहायला लागले असतील, तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही.

कारण साधं आहे. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे ओढा सगळ्यात लहान असतो. ऊन चढलं की वरचं बर्फ सुटतं आणि ते पाणी तुमच्यापर्यंत पोचायला काही तास जातात. त्यामुळे आपण थकून परत फिरतो, नेमका तेव्हाच तो फुगलेला असतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, म्हणजे ‘थोडंसंच तर वाढलंय’ हा अंदाज साफ फसतो. रात्री ढग होते, पाऊस पडला किंवा थंडीच पडली नाही, तर पहाटेचा उतारही मिळत नाही. अशा दिवशी मी पात्रात उतरतच नाही.

त्या दिवशी माझी मैत्रीण शांत राहिली, म्हणून निभावलं. ती म्हणाली, “इथून नको, वर जाऊ.” ओढ्याला जिथे दोन फाटे मिळतात त्याच्या वर आम्ही तासभर चढून गेलो आणि एकेक फाटा वेगळा ओलांडला. प्रत्येकात पाणी निम्मंच होतं. खाली पोचेपर्यंत अंधार झाला, पण दोघी धड पोचलो.

आता पायाखालचं. नवख्यांना शेवाळाची भीती असते आणि ती खरीही आहे, पण या दिवसांत त्याहून फसवा असतो बर्फाचा पापुद्रा. लहान धबधब्याशेजारचा एखादा धोंडा नीट बघा. वरून राखाडी, कोरडा दिसतो. जिथे रात्रभर तुषार उडाले, त्या अंगाला काचेसारखा पातळ थर असतो. रंग दगडाचाच, म्हणून डोळ्यांना कळत नाही. काठीचं टोक टेकवा. दगडावर ते पकड घेतं, बर्फावर सटकतं. मी दर संशयाच्या दगडावर आधी काठी, मग पाय, मग वजन असं जाते. गेल्या वर्षी पक्का वाटलेला धोंडासुद्धा हिवाळ्यात हललेला असतो, तेव्हा ओळखीच्या वाटेवरही हाच क्रम. एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारू नका. हाताने धरायचा दगड स्वतःकडे ओढायचा नाही, खाली दाबायचा.

पात्रावर बर्फाचे पूल उरलेले असतात. वरून भक्कम दिसतात, पण पाणी त्यांना खालून पोखरत असतं. मोठ्या धोंड्यांच्या कडेला बर्फ हमखास पोकळ असतं, कारण दगड उन्हाने तापतो. खालून पाण्याचा आवाज आला किंवा मधोमध खळगा दिसला, तर काठाने वळसा घ्या. सकाळी ज्या पुलावरून गेलात, तो दुपारी तुमचं वजन पेलेल असं धरून चालू नका.

पाणी ओलांडायचंच असेल तर आधी खाली बघा. पाय सुटला तर वाहत कुठे जाणार? खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं असतील, तर जागा बदला. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाकडे करा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच पाय सरकवा. बूट घालूनच जा. दगडांच्या फटीत पाऊल घालू नका, अडकलं तर प्रवाह तुम्हाला वाकवून खाली दाबतो. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल, तर माझ्याकडून सरळ नकार.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. पाणी शरीराची उष्णता हवेच्या साधारण 25 पट वेगाने काढून घेतं, म्हणून मोजे लोकरीचे हवेत, सुती नकोत, आणि एक कोरडा जोड बंद पिशवीत वेगळा. पाणी गाळायचा फिल्टर एकदा वापरला की रात्री अंगाजवळ ठेवा. आतलं पाणी गोठलं तर त्याच्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जेवायला कड्याखाली बसू नका. फटीतलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, दगड सुटे करतं, आणि कड्यावर ऊन आलं की ते खाली यायला लागतात. हेल्मेट घाला.

हल्ली मी विसाव्याला बसले की पाण्याच्या अगदी काठावर एक पांढरा खडा ठेवते. गेल्या खेपेला अकरा वाजता ठेवला होता. वीस मिनिटांनी पाहिलं, तर खडा दोन बोटं पाण्याखाली. माथा समोर दिसत होता, तासाभराची चढण उरली होती. आम्ही सॅक उचलल्या आणि खाली निघालो. शेवटचा ओलांडा पार केला तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.