व्हिडिओ उडाला तर आधी कोणी उडवला ते शोधा

अहिराणी गाण्यांचा चॅनल असो की तालुक्याच्या बातम्यांचा, व्हिडिओ गायब झाला की खानदेशात पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: समोरच्या पार्टीने रिपोर्ट मारले. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन, उलट रिपोर्ट मारण्याची मोहीम, आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवर चढवणे. यातलं शेवटचं सगळ्यात महागात पडतं. एका चॅनलवर बंदी किंवा स्ट्राइक (नियमभंगाचा अधिकृत डाग) असताना दुसऱ्यावरून तेच काम चालवलं तर यूट्यूब त्याला पळवाट मानतं आणि दुसरा चॅनलही जातो. नुसत्या रिपोर्टांच्या संख्येने व्हिडिओ उडत नाही. शंभर रिपोर्ट आले तरी व्हिडिओ नियमात बसतो का, एवढंच तपासलं जातं.

काढणारे तिघेच असू शकतात: हक्क सांगणारा कोणी तिसरा, स्वतः कंपनी, किंवा सरकार-न्यायालय. तिघांचे दरवाजे वेगळे, मुदती वेगळ्या. म्हणून कशालाही हात लावण्याआधी आलेला ईमेल, यूट्यूब स्टुडिओतली (चॅनल सांभाळण्याच्या पानावरची) सूचना आणि व्हिडिओच्या पानावर दिसणारं वाक्य, तिन्हींचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्या. व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, पुरावा मात्र जातो.

कॉपीराइट: इथेच सगळ्यात जास्त गाडं अडतं

यूट्यूब स्टुडिओत ‘कंटेंट’मध्ये जा, व्हिडिओसमोरच्या ‘रिस्ट्रिक्शन्स’ रकान्यात ‘कॉपीराइट’ दिसलं तर त्यावरून तपशील उघडा. क्लेम आहे की स्ट्राइक, हे इथेच कळतं. क्लेम हा बहुतेक वेळा मशीनने लावलेला असतो. त्यात पैसे दुसऱ्याकडे वळतात किंवा व्हिडिओ अडतो, पण चॅनलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे कोणीतरी रीतसर कायदेशीर तक्रार केली आहे. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनल बंद.

क्लेमच्या तपशिलात नेमके कोणते सेकंद पकडलेत ते लिहिलेलं असतं. लग्नाच्या व्हिडिओत बँडवाल्याने वाजवलेलं हिंदी गाणं पकडलं असेल तर वाद घालू नका. तिथेच तेवढा तुकडा कापण्याची, गाणं म्यूट करण्याची किंवा बदलण्याची सोय आहे, आणि क्लेम सुटतो.

कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, गाण्यांचं प्रकरण वेगळं. पारंपरिक ओवी किंवा चाल कोणाच्याही मालकीची नसते. पण एखाद्या स्टुडिओने केलेलं तिचं रेकॉर्डिंग त्या निर्मात्याचं असतं, आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. त्यामुळे प्रश्न एकच: तुम्ही स्वतः गाऊन-वाजवून रेकॉर्ड केलं का? केलं असेल तर ‘डिस्प्यूट’ (क्लेमवर हरकत) करा आणि कारणात एवढंच लिहा: गाणं पारंपरिक, आवाज अमक्याचा, वादन अमक्याचं, रेकॉर्डिंग अमुक तारखेला, मूळ ट्रॅक आमच्याकडे उपलब्ध. रागाचा एक शब्द नको.

बऱ्याच खोट्या क्लेमचं मूळ बीटमध्ये असतं. विकत किंवा फुकट मिळालेला तोच ऱ्हिदम लूप (परत परत वाजणारा तयार ठेक्याचा तुकडा) धुळ्याचा एक स्टुडिओ वापरतो, मालेगावचा दुसराही वापरतो. त्यातला एक जण डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणी ॲपांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं देताना ‘कंटेंट आयडी’च्या, म्हणजे गाणं ओळखून क्लेम लावणाऱ्या यूट्यूबच्या मशीनच्या, खोक्यात टिक करतो, आणि तो लूप असलेलं प्रत्येक गाणं मशीन त्याच्या नावाने पकडायला लागतं. म्हणून उलट बाजूनेही सांभाळा: गाण्यात एक जरी लूप इतरांना मिळणारा असेल तर त्या खोक्यात टिक करू नका. दुसऱ्यांच्या व्हिडिओवर चुकीचे क्लेम लागले तर ती सोय तुमच्याकडून काढून घेतली जाते.

आता मुदती. डिस्प्यूट केला की समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस. त्याने फेटाळला तर तुम्ही अपील करता, त्यावर त्याला 7 दिवस. व्हिडिओ पूर्ण ब्लॉक झाला असेल तर पहिली पायरी ओलांडून थेट अपील करता येतं. क्लेम लागल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखली जाते. उशीर केला तर आधीचे पैसे गेले. याचा हिशेब असा: नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि 30 अधिक 7 म्हणजे 37 दिवस. गाणं निदान सव्वा महिना आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवा. क्लेम लागायचा तो तेव्हाच लागेल आणि सणाच्या आत निकाल लागेल. आदल्या आठवड्यात चढवणाऱ्याचा सीझन वादातच जातो.

अपील करताना एक धोका लक्षात घ्या: समोरच्याने ते मानलं नाही तर तो तक्रार करून स्ट्राइक लावू शकतो. कागद हातात नसेल तर डिस्प्यूटवरच थांबा.

स्ट्राइक चुकीचा असेल तर ‘काउंटर नोटिफिकेशन’, म्हणजे रीतसर उलट नोटीस, देता येतं. तक्रारदाराला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला अमेरिकेतल्या कामकाजाचे 10 दिवस मिळतात. दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. मात्र त्या अर्जातलं तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो, आणि तो गावातलाच असेल तर पुढचं भांडण दारात येतं. आधी फोन करून तक्रार मागे घ्यायला सांगणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे तोंडी व्यवहार. गीतकाराला हातात पाच हजार, गायकाला गाडीभाडं, कागद काहीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा गाण्याचं नाव, शब्द-चाल-रेकॉर्डिंग यांपैकी कशाचा हक्क, किती वर्षं, ‘संपूर्ण जग’, रक्कम आणि दोन्ही सह्या, एवढं एका पानात लिहून घ्या.

कंपनीने स्वतः काढला असेल तर

‘कम्युनिटी गाइडलाइन्स’ असा उल्लेख दिसेल. पहिल्यांदा ताकीद, मग पहिला स्ट्राइक म्हणजे एक आठवडा अपलोड बंद, 90 दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, तिसऱ्याला चॅनल जातो. अपीलही 90 दिवसांच्या आतच. तपासणाऱ्याला अहिराणी येत असेल असं धरू नका. सासू-सुनेच्या विनोदी भांडणात ‘तुले मारी टाकसू’ आलं तर मशीनला ती धमकीच वाटते. अपिलात मिनिट-सेकंद द्या, वाक्याचा अर्थ सोप्या इंग्रजीत लिहा आणि हे नाटक आहे हे पहिल्याच ओळीत सांगा.

अपील फेटाळलं गेलं तरी रस्ता संपत नाही. 2021 च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक कंपनीला भारतासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. त्याला स्वतंत्र ईमेल करा, पोचपावती जपा. उत्तराची मुदत मूळ नियमांत 15 दिवसांची होती, पण या नियमांत दुरुस्त्या होत असतात. माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा चालू मजकूर पाहून त्याच नियमाचा क्रमांक ईमेलमध्ये टाका. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत तक्रार अपिलीय समितीकडे ऑनलाइन जाता येतं. 2023 पासून सुरू झालेली ही समिती केंद्र सरकारच नेमते. सरकारवर टीका केलेला व्हिडिओ असेल तर तिच्याकडून किती आशा धरायची ते ज्याचं त्याने ठरवावं; गाण्याच्या किंवा हॅक झालेल्या खात्याच्या तक्रारीसाठी मात्र ती जरूर वापरा.

सरकारी आदेश

व्हिडिओच्या जागी ‘या देशात उपलब्ध नाही’ आणि सोबत सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाचा उल्लेख असेल तर कंपनीशी हुज्जत घालून काही होत नाही. खात्री करण्यासाठी सुरतच्या मामाला विचारून उपयोग नाही, तोही भारतातच. दुबईत कोणी असेल त्याला लिंक उघडायला सांगा. तिथे दिसला तर अडवणूक देशापुरती आहे.

असा आदेश बहुधा आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली (मजकूर अडवण्याचा सरकारचा अधिकार) किंवा 79(3)(ब) खाली (सरकारने कळवूनही मजकूर न काढणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं) येतो. 69अ च्या 2009 च्या नियमांत व्हिडिओ टाकणाऱ्याला किंवा कंपनीला नोटीस द्यावी असं आहे, पण त्यातला ‘किंवा’ घात करतो: नोटीस कंपनीला जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. वर नियम 16 प्रमाणे हे सगळं गुप्त ठेवायचं असतंच. 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम 66अ रद्द केलं, 69अ मात्र कायम ठेवलं. कंपनीकडे आदेशाचं कलम, तारीख आणि देणारी यंत्रणा लेखी मागा. पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी तो छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. पोलीस ठाण्यातून ‘व्हिडिओ काढ’ असा नुसता फोन आला तर नम्रपणे लेखी मागा आणि वकिलाला दाखवा.

एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नका

29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲपांवर बंदी आली तेव्हा ज्यांचे व्हिडिओ फक्त त्या ॲपमध्येच होते त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. पुढच्या तीन महिन्यांत इन्स्टाग्रामने रील्स आणि यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. ज्यांच्याकडे मूळ फाइली होत्या त्यांनी त्याच तिथे चढवल्या. कंपन्यांच्या या चढाओढीत कलाकाराचा फायदा एवढाच, आणि तोही फाइल असेल तरच.

4 मिनिटांचं गाणं 1080पी, सेकंदाला 10 मेगाबिट या दराने साधारण 300 एमबीचं होतं. 200 गाणी 60 जीबीत बसतात. म्हणजे 1 टीबीच्या दोन डिस्क पुरून उरतात, एक स्टुडिओत आणि एक घरी. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ उतरवला तर तो जास्तीत जास्त 720पी मिळतो, म्हणून मूळ फाइल एडिटिंगच्या दिवशीच ठेवा. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी: अंतिम व्हिडिओ, आवाज आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक, सह्यांच्या कागदाचा फोटो, आणि लूप कुठून घेतला त्याची पावती किंवा लायसन्सचा स्क्रीनशॉट. यातली चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि डिस्प्यूटमध्ये तीच मागितली जाते.