नॅशनल स्पॅनिश एक्झाम : नवीन आलेल्या मराठी मुलांसाठी माझा अनुभव

आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी मागच्या आठवड्यात विचारलं की त्यांचा मुलगा आत्ताच पुण्याहून आलाय, नववीत बसलाय, शाळेत स्पॅनिश घ्यायला लावलंय आणि त्याला काहीच झेपत नाहीये, आणि वर सेन्योरा, म्हणजे स्पॅनिशच्या बाई, म्हणतायत की मार्चमध्ये नॅशनल स्पॅनिश एक्झामला बस. तर तू सांग ना त्याला काहीतरी. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतेय, कारण मी अगदी त्याच जागेवर होते. नाशिकहून न्यू जर्सीला आले तेव्हा नववीच होती, इंग्लिशच अजून तोंडात बसलेलं नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात स्पॅनिश १ चं पुस्तक हातात आलं.

आधी परीक्षा काय आहे ते. अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज शिक्षकांची एक संघटना आहे, १९१७ पासूनची, पोर्तुगीज त्यात १९४४ मध्ये आलं. ती ही परीक्षा घेते. सहावी ते बारावीची मुलं बसतात, सक्तीची नाही, आणि तुम्ही घरून फॉर्म भरून बसू शकत नाही, नाव शिक्षकच नोंदवतात. वसंतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, शाळेच्या कॉम्प्युटरवर असते, सगळे प्रश्न पर्यायांचे. एक भाग शब्द आणि व्याकरणाचा, दुसरा वाचून आणि ऐकून समजण्याचा. तुम्ही स्पॅनिशच्या कितव्या वर्षाला आहात त्यानुसार लेव्हल ठरते, म्हणजे नववीतला मुलगा लेव्हल १ ला असेल आणि त्याच वर्गातली दुसरी मुलगी लेव्हल ३ ला, असं होऊ शकतं.

बक्षिसांचं मात्र नीट समजून घ्या कारण आपल्याकडच्या आईबाबांचा इथेच गोंधळ होतो. इथे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे, आपल्या सीईटीसारखं. तुमच्या लेव्हलला देशभरातून जेवढी मुलं बसली त्यात तुम्ही कुठे आहात ते बघतात. ९५ आणि त्याच्या वर असाल तर प्रेमिओ दे ओरो म्हणजे सुवर्ण, ८५ ते ९४ प्लाता म्हणजे रौप्य, ७५ ते ८४ ब्रोन्से म्हणजे कांस्य, आणि ५० ते ७४ मेन्सिओन ओनोरिफिका म्हणजे उल्लेखनीय. त्यामुळे पेपर अवघड गेला म्हणून घरी येऊन रडत बसायचं नाही, अवघड गेला तर सगळ्यांनाच गेलाय.

आणि एक, ज्यांच्या घरात स्पॅनिश बोलतात किंवा जी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात राहून आलीत त्यांची तुलना वेगळी होते. नोंदणीच्या वेळी याबद्दल विचारतात तेव्हा खरं ते सांगा. आपली बहुतेक मुलं साध्या वर्गातल्या गटातच येतात, पण बाबांच्या नोकरीमुळे कुणी दोन वर्षं माद्रिदला राहून आलं असेल तर ते लपवू नका. मेडल महत्त्वाचं आहे हो, पण दुसऱ्याच्या वाट्याचं नको.

आता माझं. पहिल्या वर्षी मला मेन्सिओन ओनोरिफिका मिळालं. दुसऱ्या वर्षी ब्रोन्से. तिसऱ्या वर्षी लेव्हल ३ ला ओरो. मधे काय बदललं हाच खरा लिहिण्याचा विषय आहे.

पहिल्या वर्षी मी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला इंग्लिश, जवळजवळ चारशे. व्याकरणाचा भाग बरा गेला. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि हेडफोनमध्ये एक बाई रेल्वे स्टेशनवर कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या, मी पहिलं वाक्य पकडलं, त्याचं इंग्लिश केलं, त्या इंग्लिशचं डोक्यात मराठी झालं, आणि तोवर बाई तिसऱ्या वाक्यावर गेल्या होत्या. पूर्ण भाग असाच गेला. घामाने तळहात ओले झाले होते ते आठवतं. तेव्हा वाटलं आपला कानच चांगला नाही. तसं नव्हतं, मी दोन पुलांवरून जात होते आणि त्यातला एक पूल नकोच होता.

हे कळलं दुसऱ्या वर्षी, गुस्तार या क्रियापदाच्या तासाला. सेन्योरा फळ्यावर बाण काढून काढून समजावत होत्या की स्पॅनिशमध्ये मी आंबा आवडते असं म्हणत नाहीत, आंबा मला आवडतो असं म्हणतात, कर्ता आंबा आहे, म्हणून क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. वर्गातली मुलं पार गोंधळून गेली होती, कुणी म्हणे मग मी कुठे गेले वाक्यातून. आणि मी वहीत बघत बसले. मे गुस्ता एल मांगो. मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस. मला आंबे आवडतात. शब्दाला शब्द! क्रियापद आंब्याबरोबर बदलतंय, ‘मला’ जिथल्या तिथे. यात समजावण्यासारखं काय आहे हेच मला कळेना, आणि मग लक्षात आलं की मी गेलं दीड वर्ष हे इंग्लिशमधून शिकत होते म्हणून अवघड जात होतं.

त्या दिवशी घरी येऊन चिठ्ठ्यांची इंग्लिश बाजू खोडून मराठी लिहायला घेतली. आणि एकेक सापडत गेलं. मे दुएले ला काबेसा, माझं डोकं दुखतंय, इथेही दुखणारं डोकंच कर्ता. तू आणि उस्तेद म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, वर्गातल्या बाकीच्या मुलांना कुणाला काय म्हणायचं ते पाठ करावं लागायचं, आपल्याला आजीला अहोजाहो आणि मैत्रिणीला अगंतुगं हे कुणी शिकवावं लागत नाही. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, काळा कुत्रा, काळी मांजर, तसंच पेर्रो नेग्रो, गाता नेग्रा.

भूतकाळाचे दोन प्रकार तर लेव्हल २ आणि ३ ला हमखास येतात आणि सगळ्यांचे तिथे मार्क जातात. तिथे मराठीतली ही दोन वाक्यं धरून ठेवा. लहान असताना मी आजोळी जायचे, हे इबा. मागच्या मे महिन्यात मी आजोळी गेले, हे फुई. जायचे आणि गेले. प्रश्न वाचताना मनात मराठी वाक्य म्हणायचं, ‘-यचे’ आलं की पहिला प्रकार, सरळ ‘गेले, केलं, खाल्लं’ आलं की दुसरा. दहातल्या आठ-नऊ वेळा बरोबर येतं.

आणि सबजंक्टिव्ह, ज्याला वर्गातले सगळे घाबरतात, ते आपलं ‘-आवं’ आहे. तू यावंस असं मला वाटतं, किएरो के वेंगास. त्याला कळावं म्हणून, पारा के सेपा. हे इंग्लिशमधून समजवायला पुस्तकात चार पानं आहेत. पण इथे एक धोका पण आहे, ‘तो आला की सांगते’ यात मराठीत ‘आला’ येतो आणि स्पॅनिशमध्ये क्वान्दो, म्हणजे ‘जेव्हा’, नंतर पुढची गोष्ट असली की वेंगा येतं, म्हणजे ‘यावं’वालं रूप. मी एका सरावात असे तीन प्रश्न सलग चुकवले मराठीवर जास्त विश्वास टाकून. म्हणून जिथे मराठी साथ देत नाही त्या जागांची एक वेगळी यादी ठेवा, तीच परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायची.

माझ्या यादीत काय होतं सांगते. सेर आणि एस्तार, कारण आपल्याला दोन्हीला ‘आहे’. थोडी मदत होते, ती कंटाळवाणी आहे म्हणजे एस आबुर्रीदा आणि ती कंटाळली आहे म्हणजे एस्ता आबुर्रीदा, पण जागेचं वेगळं, वस्तू कुठे आहे ते एस्तार आणि कार्यक्रम कुठे आहे ते सेर, हे पाठच करावं लागतं. मग लिंग. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ला मानो स्त्रीलिंगी, आणि शेवटी ओ असून. उलट एल प्रोब्लेमा, एल मापा, एल दिया, शेवटी आ असून पुल्लिंगी. आणि त्यांच्यात नपुंसकलिंगी नाम नाहीच, म्हणून ‘ते दूध’ जाऊन ला लेचे होतं. नाम कधीही एकटं लिहू नका, एल किंवा ला लावूनच लिहा. पोर आणि पारा ला ‘मुळे’ आणि ‘साठी’ लावून बघा, बऱ्याच वेळा जमतं, पण आभार मानताना ग्रासियास पोर, तिथे ‘बद्दल’.

उच्चारात तर आपण नशीबवान आहोत. त्यांचा त आपला त आहे, इंग्लिशसारखा ट नाही, द पण दच. मी उच्चार सरळ देवनागरीत लिहायचे, पेरो म्हणजे पण आणि पेर्रो म्हणजे कुत्रा, रचा फरक लिहिलेला दिसतो तरी. आणि शब्द तर आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे आधीच येऊन बसलेत, पगार घेतो तो पागार म्हणजे पैसे देणे, बादली ती बाल्दे, तंबाखू ताबाको. आणि नारान्हा म्हणजे नारंगी, हा तर आपल्याकडूनच फारसी-अरबीतून तिकडे गेला.

पण हे सगळं वाचण्या-लिहिण्याचं. कान तयार झाला तो न्यू जर्सीतल्याच पर्थ अंबॉय गावाच्या एका दुकानात. आईला हिरवी केळी आणि चिंच तिथे स्वस्त मिळायची, डोमिनिकन लोकांचं दुकान, दर शनिवारी जायचो. गल्ल्यावरच्या मावशी इतक्या भरभर बोलायच्या की पहिले दोन महिने मला फक्त शेवटचं ‘मि आमोर’, म्हणजे ‘बाळा’सारखं लाडाचं, ऐकू यायचं. मग एकदा त्यांनी चिंचेचं पाकीट उचललं आणि म्हणाल्या तामारिन्दो, आणि आईने आपलं न राहवून ‘चिंच’ म्हटलं, तर त्यांनी तीनदा म्हणून बघितलं, चिन्च, चिन्च, आणि हसल्या. त्यानंतर मी विचारायचं धाडस केलं की हळू बोलाल का. तेव्हा कळलं की त्या शब्दाच्या शेवटचा स खातात, मास ओ मेनोस (म्हणजे साधारण) चं मा ओ मेनो होतं. मी आठ महिने पुस्तकातला स शोधत बसले होते! त्यानंतर वर्गातलं रेकॉर्डिंग ऐकताना वाटायला लागलं की अरे हे किती हळू आणि स्वच्छ बोलतायत.

तुमच्या जवळ असं दुकान नसेल तर स्पॅनिश रेडिओ लावा, रोज १५ मिनिटं, पण लिहून घेऊ नका आणि भाषांतर करू नका. फक्त कोण बोलतंय, कुठे आहेत, काय हवंय, एवढं मराठीत एका वाक्यात स्वतःला सांगायचं. परीक्षेतही साधारण तेवढंच विचारतात. आणि प्रश्न ऐकण्याच्या आधी वाचून ठेवायचे, म्हणजे कान कशाची वाट बघतोय ते त्याला माहीत असतं. आधीच्या वर्षांचे पेपर सरावासाठी ऑनलाइन असतात, ते फेब्रुवारीपासून आठवड्याला एक, घड्याळ लावून. चुकलेला प्रश्न का चुकला ते मराठीत लिहायचं, नुसती बरोबर-चूकची खूण करायची नाही.

कॉलेजला याचा उपयोग किती, हे सगळे आईबाबा विचारतात. क्रेडिट मिळत नाही, क्रेडिट हवं तर एपी, म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची, स्पॅनिशची परीक्षा, १ ते ५ गुण, आणि कॉलेज आपापल्या नियमाने ठरवतं. हे मेडल कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या प्रवेशअर्जात, ऑनर्सच्या ५ जागांपैकी एका जागेवर लिहिता येतं आणि तिथे पातळी राष्ट्रीय म्हणून निवडता येते, ते चांगलं दिसतं. पण नुसतं त्याच्यासाठी करत असाल तर तीन वर्षं निघणार नाहीत. मला तरी दुसऱ्या वर्षाच्या त्या तासानंतरच ही भाषा आपली वाटायला लागली, आणि मराठी बोलणारी म्हणून वर्गात मी मागे नाही हे पहिल्यांदा कळलं.

तर काकूंच्या मुलासाठी, आणि जे कुणी आत्ता नववी-दहावीत येऊन बसलंय त्यांच्यासाठी, सुरुवात अशी करा. सेन्योरांना किंवा सेन्योरना हिवाळ्याच्या सुट्टीआधीच विचारा की आपली शाळा नोंदणी करते का आणि मला कुठल्या लेव्हलला बसवणार. काही शाळा फक्त पुढच्या लेव्हलच्या मुलांना बसवतात, तिथे स्वतःहून मागावं लागतं. आणि चिठ्ठ्या करत असाल तर आजच दुसरी बाजू मराठीत लिहा.