आइसलँडच्या मेंढपाळ कुत्र्याची निगा

आइसलँडचा मेंढपाळ कुत्रा पाळायचा असेल, तर सर्वांत आधी त्याच्या भुंकण्याची तयारी ठेवावी. बॉर्डर कॉली या दुसऱ्या मेंढपाळ जातीप्रमाणे नजर रोखून आणि दबा धरून तो मेंढ्या वळवत नाही. शेपूट पाठीवर वळवून, उभ्यानेच भुंकत तो कळप पुढे काढतो. उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या चरलेल्या मेंढ्या सप्टेंबरमध्ये खाली आणताना त्याचा हाच आवाज कामी येतो. कोकरांवर झडप घालणाऱ्या पक्ष्यांवरही त्याची नजर असते, त्यामुळे घरच्या अंगणातसुद्धा तो आकाशाकडे पाहून भुंकतो. त्याला ओरडून गप्प करू नये, कारण आपला चढलेला आवाज त्याला साथीसारखा वाटतो. तो जिकडे पाहत असेल तिकडे आपणही पाहावे, शांतपणे हाक मारून त्याला जवळ बोलवावे आणि तो गप्प होताच खाऊ द्यावा. पिल्लू असल्यापासून हे रोज केले, तर थोडे भुंकून झाल्यावर तो आपणहून मालकाकडे वळू लागतो. भुंकणे पूर्णपणे मात्र थांबत नाही, म्हणून भिंतीला भिंत लागून शेजार असलेल्या घरात ही जात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याला माणसांची फार ओढ असते. दिवसभर एकटे राहावे लागले तर तो खंतावतो आणि वस्तू कुरतडतो. रोज भरपूर चालणे आणि लपवलेली वस्तू हुंगून शोधण्यासारखे डोक्याला काम देणारे खेळ, दोन्ही त्याला हवेत. शिकवताना दरडावू नये; दुखावलेला कुत्रा शिकणेच थांबवतो. सायकल किंवा मोटारीमागे धावण्याची सवय लागण्यापूर्वी, हाकेसरशी परत येणे त्याच्या अंगवळणी पाडावे.

अंगावर वरचे राठ केस आणि आतली दाट लव असे दोन थर असतात. एरवी आठवड्यातून एकदा विंचरणे पुरते, पण लव झडण्याच्या काळात, म्हणजे साधारणपणे वर्षातून दोनदा, रोज विंचरावे लागते. उकाडा वाढला म्हणून केस भादरू नयेत, कारण ते उन्हापासूनही कातडीचे रक्षण करतात. नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात हा कुत्रा आणण्याचा हट्ट कोणी धरू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मागच्या पायांच्या जादा बोटांकडे. या जातीत मागच्या प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूस बहुधा अशी दोन बोटे असतात. ती जमिनीला टेकत नसल्याने त्यांची नखे झिजत नाहीत, आणि लांब केसांत लपलेले नख गोल वळून मांसात रुतू शकते. दर दोन-तीन आठवड्यांनी कुत्र्याला कुशीवर निजवावे, केस बाजूला सारून बोट हलकेच धरावे आणि नखाचे फक्त टोक कापावे. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, त्यामुळे थोडे थोडे कापत जावे. कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसला की थांबावे. बोटांच्या बेचक्यात गुंता किंवा ओल राहिली आहे का, तेही त्याच वेळी बोटाने चाचपावे.

पिल्लू घेताना घाई करू नये. एकोणिसाव्या शतकात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या साथींनी आइसलँडमधले असंख्य कुत्रे मेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जात नामशेष होण्याच्या बेतात आली. 1950 च्या दशकात मार्क वॉटसन या इंग्रज गृहस्थांनी दुर्गम शेतांवरून काही कुत्रे शोधून कॅलिफोर्नियात नेले, आणि 1969 मध्ये आइसलँडमध्येच जतनासाठी संस्था उभी राहिली. आजचे कुत्रे तेव्हा उरलेल्या मोजक्याच पूर्वजांपासून आलेले असल्याने रक्ताच्या नात्यातले मीलन टाळणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. म्हणून पैदासकाराकडे आईवडिलांची वंशावळ, खुब्याच्या सांध्यांचे क्ष-किरण अहवाल आणि डोळ्यांच्या तपासणीचे दाखले मागावेत, आणि ते दाखवायला तो टाळाटाळ करत असेल तर पिल्लू घेऊ नये.