सासऱ्यांच्या पेटीतली पितळी चौकट

आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा पोटमाळ्यावरून सासऱ्यांची पत्र्याची पेटी खाली आली. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. 1982 च्या संपानंतर ती पेटी कुणी उघडलीच नव्हती. आत एक पितळी वस्तू निघाली. तीन पत्रे, दोन बिजागऱ्या, घडी केली की काडेपेटीहून लहान. एका पत्र्याला चौकोनी भोक, एकाला गोल. दीर म्हणाले, सोनाराचं काहीतरी. जाऊबाईंच्या मते आरशाची चौकट. मी 26 वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, मला अंदाज पचत नाहीत.

तुमच्या घरात असं काही निघालं तर आधी पेटीचा आहे तसा फोटो काढा. शेजारी काय पडलं होतं, त्यावरून अर्धं काम होतं. आम्ही सगळं चटईवर ओतून मोकळे झालो होतो. (काडतुसासारखं काही दिसलं तर मात्र हात न लावता सरळ 112 ला फोन.)

आणि घासू नका. मी घासलं. मधला पत्रा चिंच-मीठ लावून लखलखीत केला, मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या पितळेचा काळपटपणा सगळीकडे सारखा नसतो, जिथे रोज बोटं लागायची तिथे तो कमी असतो. उरलेल्या दोन पत्र्यांवर ते अजून दिसत होतं. गोल भोकाचा पत्रा दोन्ही कडांना चिमटीत धरून झिजलेला. चौकोनी भोकाचा पत्रा तळाला गुळगुळीत, म्हणजे तो कशावर तरी सरकत असणार. गोल भोकाला आतून बारीक खाच होती, म्हणजे तिथे पूर्वी काहीतरी बसवलेलं होतं.

धातू ओळखायला चुंबक फिरवा. आमच्याकडे फक्त बिजागरीची खीळ चिकटली. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड असतं तर सगळंच चिकटलं असतं. खात्री हवी असेल तर ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. वस्तू तोला, आमची 51 ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा 6 दाखवू लागला. 51 भागिले 6, साडेआठ, म्हणजे वस्तू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साडेआठ पट जड. पितळ याच्या आसपासच येतं. चांदी साडेदहाच्या घरात, लोखंड आठच्या जरा खाली, ॲल्युमिनियम तर तीनसुद्धा नाही.

खरी गाठ सुटली ती मोजताना. पट्टीवर चौकोनी भोक अडीच सेंटिमीटरला जरा जास्त आलं. हे ‘जरा जास्त’ सोडायचं नाही. व्हर्नियर लावला तर 25.4 मिलिमीटर, उभंही आणि आडवंही. म्हणजे बरोब्बर एक इंच! कडेला बारीक खुणाही होत्या, इंचाचे भाग पाडलेल्या. जुनी वस्तू सेंटिमीटरमध्ये अडली की इंचात मोजून बघा.

एक इंच कशाचा, ते मला ठाऊक नव्हतं. चोरबाजारात नेली तर नावाआधी भाव सांगतील, म्हणून चाळीतल्याच नानांकडे गेले. तेही साचेखात्यातलेच. अशा माणसाला “हे काय आहे?” विचारू नका, वस्तू नुसती हातात द्या. नानांनी ती अंगठ्याने उघडली, मांडीवरच्या धोतरावर टेकवली आणि एक डोळा मिटून वाकले. मग चिडले, “भिंग कुठंय याचं?”

पिकग्लास! एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचं.

शाळेतून जुनं भिंग मागून आणलं आणि गोल भोकावर धरून बसले. नानांनी सुई मागितली, तिच्या टोकाने एकेक धागा ओलांडू लागले.

“नाना, चहा ठेवू?”

“बावन्न, त्रेपन्न... सूनबाई, गप. चुकेल.”