बिनअंड्याचा रवा केक आणि टोमॅटोचे सूप : या चुका टाळा

बिनअंड्याचा केक फुगला नाही, की पुढच्या खेपेस सोडा वाढवण्याकडे बहुतेकांचा कल असतो आणि तिथेच केक आणखी बिघडतो. अशा केकला हलकेपणा येतो तो दह्यातील आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आल्यावर सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. त्यामुळे दही किती आणि सोडा किती, हा हिशोब आधी जुळायला हवा. अर्धा कप दह्याला पाव चमचा सोडा पुरेसा असतो. येथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा, तोही सपाट केलेला. पोहे खाण्याचा चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो आणि सोड्यासारख्या पदार्थात तेवढा फरकही महागात पडतो. ज्या सोड्याला पुरेसे आम्ल मिळत नाही, तो केकमध्ये तसाच उरतो. मग केक गडद तपकिरी होतो, त्याला साबणासारखी चव येते आणि वायू एकदम जास्त सुटल्यामुळे भरभर चढलेला केक मध्यभागी खाली बसतो.

एक कप बारीक रवा, पाऊण कप पिठीसाखर, पाव कप पातळ तूप किंवा तेल, अर्धा कप ताजे दही आणि साधारण अर्धा कप दूध हे प्रमाण घरच्या लहान केकसाठी विश्वासाचे आहे. त्यात पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर पुरते. जाड रवा वापरला, तर तो तळाशी बसतो आणि केकचा खालचा थर दडस होतो. घरात जाडच रवा असेल, तर तो मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावा.

प्रमाणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम, आणि माझ्या मते सर्वाधिक केक येथेच बिघडतात. रवा, दही, साखर, तूप आणि बरेचसे दूध एकत्र करून मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवावे लागते, कारण रवा फुगताना बरेच दूध शोषून घेतो. सोडाही सुरुवातीलाच घातला, तर या वीस मिनिटांत वायू निघून जातो आणि ओव्हनमध्ये जाते ते निर्जीव मिश्रण. म्हणून आधी भांड्याला तूप लावून घ्यावे, ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापवून ठेवावा, घट्ट झालेले मिश्रण उरलेल्या दुधाने सैल करावे आणि सोडा व बेकिंग पावडर अगदी शेवटी घालावी. मिश्रणात बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि ते पाहता पाहता हलके होते. त्याच क्षणी ते भांड्यात ओतून ओव्हनमध्ये गेले पाहिजे. मैद्याच्या केकमध्ये आणखी एक पथ्य पाळावे लागते: मैदा घातल्यावर जोरजोराने फेटल्यास त्यातील ग्लुटेन ताणले जाऊन केक चिवट होतो. त्यामुळे कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा.

सर्व काही जुळूनही केक फुगत नसेल, तर डबा उघडून सोडा तपासावा. चिमूटभर सोड्यावर लिंबाचा रस टाकला की तो लगेच फसफसला पाहिजे. बेकिंग पावडरसाठी रसाऐवजी गरम पाणी वापरावे. फसफस मंद असेल, तर तो डबा केकसाठी वापरू नये.

ओव्हन नसेल तर अनेक घरांत प्रेशर कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून केक केला जातो. पाण्याशिवाय कुकर तापवल्याने त्याचा तळ खराब होऊ शकतो, म्हणून जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो. आत एक स्टँड ठेवावा, कढई दहा मिनिटे तापवावी आणि नंतर आच मंद करावी. पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडू नये; केकचा आतला भाग घट्ट होण्याआधी गार हवा लागली, तर तो बसतो. मध्यभागी घातलेली सुरी कोरडी बाहेर आली की केक झाला. तो दहा मिनिटे भांड्यातच राहू द्यावा, मग जाळीवर काढावा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये.

नानकटाई पसरते ती बहुधा तूप पातळ असल्यामुळे. तूप थिजलेले घेऊन ते पांढरे होईपर्यंत फेसावे. नानकटाई गरम असताना मऊच लागते आणि गार झाल्यावर खुसखुशीत होते. त्यामुळे मऊ लागते म्हणून ती आणखी भाजत बसू नये.

केकला जो आंबटपणा उपयोगी पडतो, तोच टोमॅटोच्या सूपमध्ये दूध फाडतो. उकळत्या सूपमध्ये फ्रीजमधले दूध ओतले, की आम्ल आणि उष्णता या दोन्हींमुळे दुधातील प्रथिने गोळा होतात आणि सूपमध्ये पांढरे कण तरंगू लागतात. त्यावर उपाय म्हणून सोड्याची चिमूट टाकण्याची पद्धत आहे, पण तिने टोमॅटोची चवच मरते. त्याऐवजी एक चमचा कॉर्नफ्लोअर अर्धा कप गार दुधात कालवून, ते दूध वेगळ्या भांड्यात दाटसर होईपर्यंत शिजवावे आणि गॅस बंद केल्यावर टोमॅटोचा गाळलेला गर त्यात थोडाथोडा घालत ढवळावे. मीठ शेवटी घालावे आणि त्यानंतर सूप उकळू नये. टोमॅटोसोबत एखादे गाजर शिजवले, तर दाटपणाही येतो आणि आंबटपणाही सौम्य होतो. आपल्या टोमॅटोच्या सारालाही हेच पथ्य लागू पडते: नारळाचे दूध शेवटी घालून सार फक्त गरम करावे, खळखळून उकळू नये. शिजलेले टोमॅटो गरम असतानाच मिक्सरमध्ये भरले, तर वाफेच्या दाबाने झाकण उडून हात भाजण्याचा धोका असतो. ते कोमट होऊ द्यावेत आणि भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. फाटलेले सूप मिक्सरमधून फिरवल्यास कण बारीक होतात, दूध मात्र पुन्हा एकजीव होत नाही. पाहुणे दारात असतील, तर ते गाळून, वरून तूप-जिऱ्याची फोडणी देऊन वाढावे.