नवा पाइप पेटवण्याआधी

पार्सल फोडलं की लगेच पाइप भरायला हात शिवशिवतात. आधी तो उजेडाकडे धरून बघा. पाइप क्लीनर, म्हणजे ती केसाळ तार, नळीतून थेट वाटीच्या तळाशी निघते का? अडली तर बहुधा भोक पाडताना राहिलेला भुसा असतो. कोरडा क्लीनर दोन-तीनदा फिरवा, मग एक रमच्या थेंबात भिजवून. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट नको. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं, आणि ही वस्तू तोंडात धरायची आहे. नळाखाली तर धरूच नका. पाइपाचं लाकूड बहुधा ब्रायरचं असतं; ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. आच सोसते, पण पाणी प्यायली की फुगते, आणि आपल्या मेच्या हवेत भराभर वाळताना तडकायला निमित्तच मिळतं.

नळी काढताना आणि बसवतानाही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. काळी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, असेल तर गच्चीच्या कठड्यावर विसरू नका. उन्हानं हिरवट पडते आणि गंधकासारखी चव येते. बाहेरून पुसायला टॉवेलचा तुकडा बास. सोलापुरात त्याची काय कमी!

वाटीत काळा लेप असेल तर खरवडू नका, तो लाकडाच्या बचावासाठीच असतो. कोऱ्या वाटीला मध चोळा, असं सांगणारे भेटतात. मी चोळला होता. सकाळी कपाटात मुंग्यांची रांग! तेव्हापासून नुसतं ओलं बोट फिरवतो.

आता पंखा बंद करा. ऐकायला जाच वाटेल, पण वाऱ्यात तंबाखू निखाऱ्यासारखी फुलते आणि कोरं लाकूड आतून जळतं. माझा पहिला पाइप असाच गेला, एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली. म्हणून पहाट गाठा. तळाशी सैल, वर जरा दाबून, पहिल्या काही वेळा एक तृतीयांशच भरा. काडीचं गूल जळून जाऊ द्या, मग पेटवा; वर उचललेली तंबाखू हलकेच दाबा आणि पुन्हा पेटवा.

खरी अडचण पुढं आहे. आपलं गाव विड्यांचं. विडी विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यायची सवय आपल्या गालांना लागलेली. इथं चहा फुंकून प्यावा तसं सावकाश. वाटी हातात धरवेना झाली की खाली ठेवा. विझला तर विझू द्या, परत पेटवता येतो. (तंबाखू ती तंबाखू; पाइपात घातली म्हणून कर्करोग टळत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगून झालंय.)

तळापर्यंत ओढून झालं की राख झटका, पण नळी गरम असताना उपटू नका, सांध्यात मोडते. वाटीत हळूहळू कोळशाचा थर धरेल, एक-दीड मिलिमीटर पुरे. पूर्ण गार झाल्यावर क्लीनर फिरवा आणि निदान एक दिवस पाइपाला सुट्टी द्या.