वायुदलाच्या इंटेलिजन्समध्ये जायचंय? गोव्यातल्या मुलांनो, या चुका टाळा

बारावीचे निकाल लागले की फोंड्यात माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या मुलांपैकी एखादा तरी आवाज खाली आणून विचारतो, ‘सर, एअर फोर्स इंटेलिजन्सला कसं जायचं?’ आवाज खाली आणण्यासारखं त्यात काही नाही. रस्ता उघडा आहे, जाहिरात वर्षातून दोनदा येते आणि परीक्षेचा नमुना कुणालाही मिळतो. तरी चांगली, हुशार मुलं या वाटेवर अडखळतात. बहुतेकांनी तयारी हेराची केलेली असते आणि वायुदलाला हवा असतो नीट पाहणारा, नीट वाचणारा, मोजकं लिहिणारा अधिकारी.

स्वतंत्र भरती शोधत बसणं

‘इंटेलिजन्स ऑफिसर भरती’ असं शोधलं की समोर येतो तो आयबीचा, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोचा फॉर्म. आयबी गृह मंत्रालयाची. परदेशांतली माहिती काढणारी रॉ 1968 साली स्थापन झाली, ती कॅबिनेट सचिवालयाखाली चालते. वायुदलाचं इंटेलिजन्स हे तिसरंच प्रकरण: तिथे तुम्ही आधी गणवेशातले अधिकारी असता आणि मग त्या कामावर असता. कारगिलनंतर, 2002 साली, तिन्ही दलांच्या माहितीची सांगड घालायला डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. तिथेही दलांतलेच अधिकारी जातात, बाहेरून कुणी थेट अर्ज करून पोचत नाही.

पूर्वी या कामासाठी निराळी शाखा नव्हती. इतर शाखांतले अधिकारी इंटेलिजन्सच्या जागांवर नेमले जात. 8 ऑक्टोबर 2022 रोजी चंदीगडला वायुदल दिनी नव्या वेपन सिस्टीम्स शाखेची घोषणा झाली आणि चित्र बदललं. या शाखेत विमानातून शस्त्रप्रणाली हाताळणारे, दूरनियंत्रित विमानं चालवणारे, क्षेपणास्त्रांचे कमांडर आणि ऑपरेटर, आणि चौथे इंटेलिजन्सवाले असे चार प्रवाह आहेत. चौथ्या प्रवाहात उपग्रहांनी आणि ड्रोननी टिपलेल्या प्रतिमा वाचणारे, रेडिओ आणि रडारचे संदेश पकडून त्यांचा अर्थ लावणारे लोक येतात. शाखेचं प्रशिक्षण विद्यालय 1 जुलै 2024 रोजी हैदराबादला सुरू झालं. तेव्हा पाहायची ती ॲफकॅटची, म्हणजे वायुदलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची जाहिरात आणि त्यातली वेपन सिस्टीम्स शाखा. पसंती लिहिता येते, पण पसंती म्हणजे हमी नव्हे. ‘इंटेलिजन्स नाही मिळालं तर येणारच नाही’ असं ज्याला वाटतं, त्याने फॉर्म भरण्याआधी घरी बसून दोन दिवस विचार करावा.

दाबोळीकडे बघून वायुदल ठरवणं

ही खास गोव्यातली चूक. बोगमाळोच्या किनाऱ्यावर उभं राहून डोक्यावरून गर्जत जाणारं लढाऊ विमान पाहिलं आणि वायुदलात जायचं ठरवलं, असं सांगणारी कितीतरी मुलं भेटतात. बाबा, ते विमान नौदलाचं. दाबोळीचा तळ म्हणजे आयएनएस हंसा. तिथली मिग-29के विमानवाहू जहाजावरून उडणारी आणि पी-8आय समुद्रावर टेहळणी करणारी. वायुदलाच्या निवड मंडळापुढे गोव्याच्या उमेदवाराने ‘आमच्या दाबोळीला एअर फोर्सचा बेस आहे’ असं ठोकून दिलं, तर पुढची पाच मिनिटं कशी जातील ते सांगायला नको. समुद्राचंच वेड असेल तर सरळ नौदलाची जाहिरात पाहा, त्यात कमीपणा नाही.

याचाच जोडभाऊ म्हणजे सांबरा. बेळगावजवळचं ते केंद्र आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथे घडतात ते वायुसैनिक, अधिकारी नव्हेत. अग्निवीरवायूची चार वर्षांची भरती ही वेगळी शिडी. अधिकाऱ्याचं प्रशिक्षण हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत होतं. आणि नोकरी लागली की गोव्यातच राहू, ही आशा आईवडिलांनी आजच सोडून द्यावी.

‘इंटेलिजन्सला फिजिक्स कशाला?’

या प्रश्नाने जितकी दारं बंद होतात तितकी परीक्षेत नापास होऊन होत नाहीत. वेपन सिस्टीम्स शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत किमान 50 टक्के, आणि पदवीला 60 टक्के लागतात. म्हणजे निर्णय दहावीनंतर उच्च माध्यमिकला प्रवेश घेतानाच होऊन जातो. कॉमर्स घेऊन पदवीला 85 टक्के काढणाऱ्या मुलीला लेखा, लॉजिस्टिक्स, प्रशासन या शाखा मोकळ्या राहतात, पण ही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन पुढे इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिरणाऱ्यांनी तर जाहिरातीतली शैक्षणिक पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचावी, मित्राने काय सांगितलं त्यावर जाऊ नये. मुलींना ही शाखा खुली आहे का, असं अजून विचारलं जातं. आहे.

कामाची चुकीची कल्पना

आता मुख्य दुखणं. मुलं मला सांगतात, ‘माझं ऑब्झर्व्हेशन भारी आहे, मी कुणालाही ओळखतो.’ बरं आहे, पण माणसं ओळखणं या कामात फार वरचं नाही. काम आहे ते टेबलापाशी बसून: काल काय होतं, आज काय आहे, फरक कुठे पडला, त्याचा अर्थ काय आणि आपल्याला त्याबद्दल किती खात्री आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. गोवामुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबर 1961 रोजी पुण्याहून वायुदलाची 12 कॅनबेरा विमानं आली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. मागून दुसरी तुकडीही आली. बांबोळीचं वायरलेस केंद्र हंटर विमानांनी उडवलं. आदेश असा होता की धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारती शाबूत ठेवायच्या. त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या दोन पोर्तुगीज प्रवासी विमानांनाही हात लागला नाही. पोर्तुगीजांनी संध्याकाळपर्यंत धावपट्टीचा तुकडा कसाबसा डागडुजी करून घेतला, आणि अंधार पडल्यावर ती दोन्ही विमानं अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन कराचीकडे निसटली.

आपल्याकडे मुक्तिदिनाच्या भाषणांत बॉम्बहल्ला येतो, हा शेपटीचा भाग येत नाही. इंटेलिजन्सची इच्छा असलेल्याने नेमका तोच वाचावा. ‘बॉम्ब धावपट्टीवर पडले’ आणि ‘धावपट्टी बंद पडली’ ही दोन वेगळी विधानं आहेत. मधलं अंतर भरून काढणं हे या अधिकाऱ्याचं काम: खड्डे कुठे पडले, सलग किती लांबी उरली, तेवढ्यात कोणतं विमान उडू शकेल, दुरुस्तीला त्यांच्याकडे माणसं आणि खडी किती, रात्र किती वाजता पडते.

हे शिकायला वायुदलात जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. मी मुलांना एक अभ्यास देतो. उसगावच्या तिस्क नाक्यावर तासभर उभं राहा आणि जे पाहिलं ते पाच ओळींत लिहून आणा. बहुतेक वह्यांत साधारण असं असतं: ‘खाण पुन्हा जोरात सुरू झाली आहे. ट्रकांची प्रचंड वर्दळ दिसली. सगळीकडे लाल धूळ.’ वाचायला छान, उपयोग शून्य. किती ट्रक? कुठून कुठे? माल कुणी पाहिला?

मला हवं असतं ते असं:

‘मंगळवार, सकाळी 8 ते 9. तिस्क नाका, बसस्टॉपच्या बाजूने पाहिलं. भरलेले 14 टिप्पर गेले, 11 वर ताडपत्री. चाकांना लाल माती. ताडपत्री नसलेल्या तिघांत खनिज दिसलं. अंदाज: लोहखनिजाची वाहतूक. खात्री: बऱ्यापैकी. दुसरी शक्यता: लिलावात विकलेला जुना साठा हलवत असावेत. खाणीत नवं खोदकाम सुरू झाल्याचा पुरावा यात नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत अवघड. 2018 साली खाणी बंद झाल्यापासून ‘सुरू झाल्या’ ही बातमी गोव्यात इतक्यांदा उठली आहे की कान तेवढंच ऐकायला टपलेले असतात. ट्रक दिसला की मन खाणीपर्यंत धावतं. त्या मनाला नाक्यावरच थांबवायचं. जगभरच्या सैन्यांत यासाठी एक पद्धत रूढ आहे: माहिती आणणाऱ्याला ए ते एफ अशी श्रेणी, आणि माहितीला 1 ते 6 असा आकडा, दोन्ही वेगवेगळे. भरवशाचा माणूसही ऐकीव खोटं घेऊन येऊ शकतो आणि बेभरवशाच्या माणसाने एखादवेळी खरं पाहिलेलं असतं. आपल्या तिठ्यावरच्या गप्पा या चाळणीतून काढून बघा, एक संध्याकाळ मजेत जाईल.

क्लासमधली गोष्ट पाठ करून जाणं

ॲफकॅटचा लेखी पेपर तसा सरळ आहे. दोन तास, 100 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण, चुकीला 1 वजा, आणि सगळं इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्याला धास्ती वाटते, पण रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायची सवय वर्षभर ठेवली तर हा पेपर निघतो. गळती होते ती पुढे, निवड मंडळात.

पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. क्लासवाल्यांनी एक ‘गावात आरोग्य शिबिर घेणारा तरुण डॉक्टर’ पुरवलेला असतो, आणि चित्रात होडी असो की पूल, मुलं त्या डॉक्टरला तिथे नेऊन बसवतात. ज्याला प्रतिमा वाचायच्या कामावर जायचं आहे त्याने समोरच्या चित्रात नसलेलं काहीतरी लिहून द्यावं, याहून वाईट सुरुवात कोणती? नंतर 15-15 सेकंदांत 60 शब्दांवर वाक्यं, अर्ध्या तासात 60 प्रसंगांवर उत्तरं. एवढ्या वेगात पाठांतर टिकत नाही, आणि तसं ते लावलेलंच आहे. मुलाखतीत माहीत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणा. अंदाज असेल तर अंदाज आहे असं सांगून सांगा. तिस्कच्या वहीतली सवय इथे कामी येते.

रील

‘फ्यूचर इंटेल ऑफिसर’ असं इन्स्टाग्रामवर लिहिणाऱ्याला मी काय सांगू? दाबोळी हा लष्करी तळ आहे, विमान उतरताना खिडकीतून शूटिंग करायला तिथे परवानगी नाही. तरी हँगर आणि उभी विमानं दाखवणारे रील आपल्याच मुलांच्या खात्यावर सापडतात. काढून टाका, आणि पुढे काढू नका. अनोळखी खात्यावरून कुणी गोड बोलून ‘तुझं ट्रेनिंग कधी, कुठे’ विचारू लागलं तर त्या गप्पा तिथेच थांबवा.

कागद: इथे गोव्याची खास गाठ आहे

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर सैन्यदलात जाता येत नाही. घरच्यांनी ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून तुमची लहानपणीच लिस्बनला नोंद करून ठेवली असेल, तर तुमची आजची स्थिती काय हे या विषयातल्या वकिलाकडून लेखी घ्या, आणि ते फॉर्म भरण्याआधी, निवड झाल्यावर नव्हे. पडताळणीच्या अर्जात आईवडिलांचं नागरिकत्व विचारतात. इंग्लंडात स्विंडनला काका असणं हा गुन्हा नाही. लपवलं तर मात्र अंगाशी येतं.

नावाचं स्पेलिंग हे दुसरं. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘शेट’ किंवा ‘गावकर’, दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी वळणाचं, आधारवर तिसरंच. सायबर कॅफेत बसलेला मुलगा ‘चलता है’ म्हणतो, पण कागद तपासणारा अधिकारी तसं म्हणणार नाही. दुरुस्तीला सिव्हिल रजिस्ट्रारकडे खेपा पडतात, चवथीच्या दिवसांत तर फाइल हलतच नाही, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षालाच हे उरकून घ्या.

टॅटू: हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे चालतो. मानेवर, दंडावर, पाठीवर नाही. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला वेगळी सूट आहे, तरी अखेरचा निर्णय निवड केंद्राचाच. कळंगुटला मित्राच्या वाढदिवशी उत्साहात कोरून घेतलेला ड्रॅगन लेसरने काढायला पैसे आणि महिने दोन्ही जातात.

वयाचं गणितही आधी मांडा. जमिनीवरच्या शाखांसाठी प्रशिक्षण सुरू होताना 20 ते 26 वर्षं, आणि 25 च्या आत असाल तर अविवाहित असणं बंधनकारक. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीचं अधिकारीपद, 10 वर्षांचं, पुढे गरजेप्रमाणे 4 वाढू शकतात. पदवीनंतर दोन-तीन वर्षं ‘बघू’ म्हणण्यात गेली तर हातात उरतात ते जेमतेम तीन-चार प्रयत्न. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा पुरावा द्यावा लागतो, आणि त्याआधीच्या कुठल्याही सेमिस्टरचा विषय राहिलेला चालत नाही.